चार लाखांचा चिखल

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावा. स्कूटरच्या रांगेत एक उंच, दणकट गाडी तिरकी उभी असते. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, इंजिनाखाली धातूची ढाल, हँडलला हातांसाठी चिलखत. हिमालय ओलांडायची सगळी तयारी. टायरला मात्र चिखलाचा ठिपका नाही.

वॉचमन रोज पुसतो.

मालक कोण? वय पस्तीस ते पन्नास, नोकरी अंधेरीला नाहीतर पवईला, एक गुडघा कुरकुरणारा. ऑफिसला तो मेट्रोने जातो, कारण ट्रॅफिकमध्ये ही गाडी मांडी भाजून काढते. ‘मग घेतली कशाला?’ असं त्याला विचारू नका. हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे.

हौस जुनीच आहे, बाजार नवा. २०११ साली हीरोने इम्पल्स आणली. दीडशे सीसी, उंच, सडपातळ, मातीत उतरायला बनवलेली. लोकांनी कौतुक केलं, मायलेज विचारलं आणि दुसरीच गाडी घेतली. इम्पल्स बंद पडली. आता तीच सेकंडहँड कुठे मिळेल म्हणून शोधाशोध चालते. बंद पडलेल्या गाडीवरचं एवढं प्रेम ती चालू असताना कुठे पार्क केलं होतं?

मग २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ ला हीरोची एक्सपल्स २००, २०२० ला केटीएमची ३९० ॲडव्हेंचर. २०२३ च्या अखेरीस हिमालयन साडेचारशे सीसीची झाली. वजन १९६ किलो. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे उचलायचा आहे.

सरकारलाही ही हौस कळलेली दिसते. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींना जीएसटी १८ टक्के, त्यावरच्यांना ४०. हिमालयन ४५० आणि केटीएम ३९०, दोघीही वरच्या खान्यात. साखर घातलेल्या कोल्ड्रिंकलाही हाच दर आहे. दोन्हीकडे फेसावर कर.

बरं, घेतली. टॅक्स, विमा, हेल्मेट, जॅकेट धरून चार लाखांच्या आसपास गेले. चालवणार कुठे?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सी लिंकवर बंदी. कोस्टल रोडवर बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवरही बंदी. म्हणजे नाव हिमालयन आणि शिवडीहून चिर्ल्याला जायची सोय नाही.

म्हणून रविवारी पहाटे पाचला निघायचं. बोरिवली-अंधेरीकराने फाउंटन हॉटेल मागे टाकून चारोटीच्या दिशेने. मुलुंड-घाटकोपरकराने ऐरोली, पनवेल, मग जुन्या रस्त्याने खोपोली. माती लागेपर्यंत डांबर, ट्रक आणि त्यांचा धूर. परतताना तेच सगळं, फक्त उन्हात. एका दिवसाच्या ऑफरोडमध्ये रोड सहा तास, ऑफ पाऊण.

मुंबईचे रस्ते हेच ऑफरोड, हा विनोद इथे होणार नाही. तो खड्ड्यांइतकाच जुना आहे. शिवाय खड्ड्यामुळे गेलेल्या जिवासाठी ६ लाख रुपये भरपाई द्या, असं उच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगावं लागलं, तेव्हापासून त्यावर हसूही येत नाही.

‘पण जंगल तर घरामागेच आहे!’

आहे ना. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवलीच्या गेटपासून मुलुंडच्या कुंपणापर्यंत पसरलंय. त्याच्या पाठीशी १९२७ चा वन कायदा आणि १९७२ चा वन्यजीव कायदा. पायवाटेने मनाला येईल तसं फिरायची मुभा तिथे फक्त बिबट्याला. त्याच्याकडे गाडी नाही, हे आपलं नशीब.

मग किनारा. मार्वे-मनोरी बोटीत बाईक चढते, पलीकडे उतरते, समोर वाळू दिसते आणि मालकाच्या अंगात येतं. किनाऱ्यावर गाडी घालू नये, हे पाटी लावून सांगितलं तरी पाटीसमोरच फोटो काढतात. रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढल्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. शेकडो अश्वशक्ती, आणि पुरले बैल.

माथेरान? मोटारगाड्यांना मनाई, आणि २००३ पासून सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. कासचं पठार? २०१२ पासून जागतिक वारसा. त्या बोटभर मातीत वर्षातून काही आठवडे फुलं येतात, तिथे टायरची नक्षी कुणी मागितलेली नाही. किल्ले? महाराजांनी गडाची वाट अवघड ठेवली ती शत्रूसाठी. गाडीसकट वर चढायचा हट्ट धरणाऱ्याने आपण कुठल्या बाजूचे, ते एकदा ठरवावं.

उरली कर्जत, मुरबाड, वाडा, शहापूरची ‘मोकळी’ रानं.

मोकळी? डांबर संपलं म्हणून मालकी संपत नाही. महाराष्ट्रात ढेकळालाही सातबारा आहे. समोरचं माळरान वनखात्याचं तरी असतं, गायरान तरी, पाटबंधाऱ्याच्या धरणाखालचं तरी, नाहीतर मुंबईच्याच कुणा डॉक्टरने फार्महाऊससाठी घेतलेलं. आणि जुलैत तुम्हाला जो ‘एक नंबर चिखल’ दिसतो, ती भाताची खाचरं असतात. लावणी नुकतीच झालेली असते. बांधावरून मारलेल्या उडीची रील हजारो लोक बघतात. बांध पुन्हा घालायला एकच माणूस येतो.

तो लाइक करत नाही.

म्हणून दुसरा पर्याय, गाइडवाल्यांचा. गाडी त्यांची, जागा त्यांची, शिकवणारा त्यांचा. पडणारे आपण.

लोणावळ्याजवळ कुणेगावला डेला ॲडव्हेंचरमध्ये डर्ट बाईक मिळते. पुण्याच्या आसपास दिवसाचे, दोन दिवसांचे वर्ग चालतात. जरा लांब जायची तयारी असेल तर कर्नाटकात कोलारजवळ बिग रॉक डर्ट पार्क आहे. ते सी. एस. संतोषचं. २०१५ साली डकार रॅलीत उतरलेला तो पहिला भारतीय, आणि शर्यत पूर्ण करून ३६ वा आलेला. इतक्या लांब वाळवंट कापून आलेल्या माणसाकडे शिकायला जायला आपल्याला वेळ नाही. आपल्याकडे युट्यूब आहे.

अशा वर्गांत उडी फार उशिरा येते. आधी शिकवतात पडलेली गाडी उचलायला. गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांनी रेटत मागे मागे सरकायचं. जोर मांड्यांचा. कंबरेने उचलायला गेलात तर पुढचा वर्ग ऑर्थोपेडिककडे.

मग पेगवर उभं राहणं. गुडघे टाकीला, कोपरं बाहेर, नजर दगडाच्या पलीकडे. दगडाकडे बघाल तर गाडी दगडावरच जाणार. मग टायरमधली हवा कमी करायची, रबर पसरतं, पकड येते. मग एका बोटाने क्लच सांभाळत चालण्याच्या वेगाने चढ चढायचा. हे सगळ्यात कठीण, कारण यात वेग नाही आणि फोटोही चांगला येत नाही. मागच्या चाकाचं एबीएस कधी बंद करायचं, तेही तिथेच कळतं. पार्किंगमधल्या हिमालयनच्या मालकाने त्या बटणाला अजून हात लावलेला नाही. प्लॅस्टिकचं वेष्टनही तसंच आहे.

दुसऱ्याच्या गाडीवर पडण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. परक्या गाडीवरून माणूस सैल पडतो. स्वतःच्या गाडीवर तो आधी टाकी वाचवतो, मग पाय मोडून घेतो. वर्गवाले तुटलेल्या लिव्हरचे पैसे लावतात, हे खरं. पण लिव्हरचेच लावतात.

आता तो १९६ चा आकडा काढा. शर्यतीची ४५० सीसीची मोटोक्रॉस गाडी ११० किलोच्या आसपास भरते. एक्सपल्स १६० च्या आगेमागे. आपली १९६, त्यावर पेट्या, पेट्यांत स्टोव्ह, दोरखंड आणि मॅगीची पाकिटं. मुरबाडच्या चढावर ती आडवी झाली की उचलणार कोण? गावातला पोरगा. तो स्प्लेंडरवरून येतो, स्टँड लावतो, ‘काका, तुम्ही जरा बाजूला व्हा’ म्हणतो आणि गाडी उभी करून देतो. मग स्वतः दुधाचा कॅन घेऊन त्याच चढाने निघून जातो.

चपलेवर.

जिला जगभर डर्ट बाईक म्हणतात, तिची तऱ्हा आणखी वेगळी. कावासाकीची केएक्स घ्या. ना हेडलाइट, ना आरसा. अंधेरीच्या आरटीओत एमएच ०२, बोरिवलीत एमएच ४७, पण हिला कुठलाच नंबर नाही. रस्त्यावर आणता येत नाही, टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावी लागते. गाडी मालकीची, आणि तिला फिरवायला टेम्पो भाड्याचा.

नंबर मिळणारी हवी असेल तर केएलएक्स २३०. डिसेंबर २०२४ मध्ये ती ३ लाख ३० हजारांना आली. पुढच्याच वर्षी किंमत लाखाहून जास्त खाली. आधी धावत जाऊन घेतलेल्यांना ऑफरोडमधला सगळ्यात तीव्र उतार शोरूमच्या दारातच भेटला.

आणि ट्रॅक तरी कुठे आहे? २०२४ साली सुपरक्रॉसची लीग सुरू झाली ती पुण्यात, बालेवाडीला. त्याच वर्षी केरळच्या हरित नोहने डकारमध्ये रॅली-२ गट जिंकला. त्याआधी २०१९ ला बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने बाहा शर्यतींचा महिलांचा विश्वचषक आणला. (‘मॅडम, तुमच्यासाठी स्कूटर दाखवू?’ म्हणणाऱ्या सेल्समनने हे नाव पाठ करावं.) मुंबईचं कोण? मुंबईचं कोणी नाही. इथे मोकळी जागा निघाली की तिथे आधी बिल्डर सराव करतो.

मालकी आली की मालकाचे हातही शिवशिवतात. पहिला बळी सायलेन्सर. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मालकाने गाडीत बेकायदा फेरफार केला तर दर फेरफाराला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जप्त केलेले सायलेन्सर पोलिस रस्त्यावर मांडतात आणि वरून रोड रोलर फिरवतात. ऑफरोडचा शेवट रोडच्याच यंत्राखाली.

विम्याची पॉलिसी वाचलीत? कोण वाचतं म्हणा. शर्यत, वेगाची चाचणी असल्या वापरात झालेलं नुकसान त्यात वगळलेलं असतं. एजंट ते सांगत नाही, कारण तुम्ही विचारलं होतं ते फक्त ‘कॅशलेस आहे ना?’

थांबा. गाइडवाल्यांची आरती करायला आम्ही बसलेलो नाही.

तिथे साहस नऊला सुरू होतं आणि पाचला संपतं, मध्ये जेवण, पनीर की चिकन आधी कळवायचं. गाडीला हात लावण्याआधी फॉर्म भरायचा: माझ्या जिवाचं काही झालं तर जबाबदारी माझी. संध्याकाळी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. ‘लेव्हल वन’. लेव्हल टू पुढच्या महिन्यात, अर्ली बर्ड सवलत चालू. थंड हवेच्या ठिकाणी तर टायरच्या भिंतींमधून चारचाकी एटीव्हीवर दोन गोल चकरा मारल्या की झालं ऑफरोड. वेग इतका की शेजारून घोडा पुढे जातो, वर त्याच्यावरचं पोरगं टाटा करतं.

आणि सगळेच गाइड गाइड नसतात. दोन वर्षं स्वतः पडलेला माणूस तिसऱ्या वर्षी अकादमी काढतो. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. शनिवारच्या राइडचे पैसे भरणाऱ्या किती जणांनी नोंदणी विचारली? विचारतात ते ड्रोन शॉट मिळणार का. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी ‘मित्र म्हणून’ भाड्याने देत असेल, तर अपघातानंतर ती मैत्री कुठवर टिकते ते बघा.

पण खरा विनोद मालकी आणि गाइड एकत्र येतात तिथे आहे.

बाबांनी जन्मभर कंडक्टेड टूर केल्या. केसरी टूर्स १९८४ ला सुरू झाली, तेव्हापासून मराठी घरांनी हिमाचल पाहिला तो टूर मॅनेजरच्या झेंड्यामागून. बसमध्ये अंताक्षरी, मनालीत रात्री पिठलं-भात. मुलाने नाक मुरडलं. ‘बाबा, हे काय फिरणं झालं? माणसाने एकटं निघावं.’ त्याने चार लाखांची गाडी घेतली. वांद्रे टर्मिनसला टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून ती पार्सलने रवाना केली. आणि लडाखला तो कसा फिरला? पुढे लीड रायडर, मागे स्वीप रायडर, सोबत मेकॅनिक, शेवटी सामानाचा टेम्पो, रात्री ठरलेलं हॉटेल, सकाळी सातला नाश्ता.

फक्त अंताक्षरी नव्हती.

वरती पोचल्यावर तरी ऑफरोड? सीमा रस्ते संघटनेने उमलिंग ला खिंडीत रस्ता केला, १९,०२४ फुटांवर, २०२१ मध्ये त्याचा गाजावाजा झाला. रस्ता डांबरी आहे. जवानांची रसद जायला तो डांबरीच हवा, आपल्या रीलसाठी तो खडकाळ ठेवणार कोण? खार्दुंग लाच्या फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं, प्रत्यक्ष मोजलं तर १७,५८२. मधले ८०० फूट व्हॉट्सॲपवर चढले जातात.

त्यात स्वतःची गाडी हवी, या बाजूचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे द्यायला हवा. बाहेरून भाड्याने आणलेली गाडी लेहचे भाडेवाले तिथे फिरू देत नाहीत. त्यांचंही पोट आहे. तेव्हा मालकीला तिथे अर्थ आहे. आयुष्यातल्या एका जुलैपुरता.

गाइडची लाज वाटत असेल तर जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबा. इंग्रजांना घाटाची वाट या धनगराने दाखवली, अशी आख्यायिका आहे. वाट कळल्यावर त्यालाच गोळी घातली, असंही सांगतात. घाट चढणारे ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतात. एक्स्प्रेस वेवरच्या चारचाकीवाल्याला हे देऊळ लागत नाही, दुचाकीवाल्याला लागतं. पण तोही समोरून झूम करून जातो, कारण त्याच्याकडे गुगल मॅप आहे.

मग घेऊच नये का कुणी? घ्या की. ज्याला महिन्यातून दोनदा तरी मातीत उतरायचंय, जागेच्या मालकाला फोन करायची तयारी आहे, जो चेन स्वतः धुतो आणि ओरखड्याला ओरखडाच म्हणतो, त्याने जरूर घ्यावी. पण हलकी, दोनशे सीसीची, सेकंडहँड, आधीच कुणीतरी आपटलेली. नवी पडली की मालक रडतो. जुनी पडली की कळतही नाही कुठली खूण आजची.

आणि गाडीच्या आधी बूट. गाडीवर चार लाख आणि पायात मॉर्निंग वॉकचे शूज, हा आपला हिशेब. दीडशे किलो घोट्यावर आलं की तो लगेच जुळतो.

बाकीच्यांनी साधा भागाकार करावा. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंगचे पैसे, वॉचमनचे पुसण्याचे पैसे, सगळं वरती. खाली वर्षातले मातीतले दिवस. उत्तर आलं की गाइडवाल्याच्या दिवसाच्या फीशी ताडून बघा. घरच्यांसमोर मात्र करू नका.

तरीही नवीच घ्यायची आहे? हरकत नाही. शोरूममध्ये टेस्ट राइड मागू नका, लिंक रोडवर दोन सिग्नल जाऊन येण्याने काही कळत नसतं. डेमोची गाडी आडवी करायला सांगा आणि एकट्याने उचलून दाखवा. उचलली तर चेक फाडा. नाही उचलली तर पुढच्या शनिवारचा वर्ग बुक करा, आणि फॉर्मवर सही करण्याआधी त्यांचा नोंदणी क्रमांक मागा.